०.०५ कुठून आलं? एकक-रूपांतराच्या एका गृहपाठाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी अकरावी विज्ञानची, तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारी. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आता भौतिकशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत, आणि पहिलाच धडा एककं व मापनाचा. आकडेमोड पक्की, घातांकाचे नियम पाठ. मदत करणाऱ्या मॅडम त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे, पण सगळ्यांसमोर विचारायला नको म्हणून तिने मॅडमना वेगळा मेसेज टाकला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि वही दुसऱ्या दिवशी दाखवायची होती.

नाव-गाव इथे काढून टाकलं आहे. गणित असं होतं:

५ सेमी² काटछेदाच्या पाईपमधून पाणी ताशी ७.२ किमी वेगाने वाहत आहे. १००० लिटरची रिकामी टाकी भरायला किती सेकंद लागतील?

पाठीमागे दिलेलं उत्तर: १००० सेकंद.

भौतिकशास्त्र म्हणून यात एकच ओळ आहे. दर सेकंदाला बाहेर पडणारं पाणी म्हणजे काटछेद (पाईप आडवा कापला तर दिसणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ) गुणिले वेग, आणि टाकीच्या घनफळाला त्याने भागलं की वेळ. बाकी सगळं गणित एककांचंच. एकाच गणितात लांबी (किमी), क्षेत्रफळ (सेमी²), घनफळ (लिटर) आणि वेळ (तास) अशी चार वेगवेगळ्या जातीची रूपांतरं आहेत. गणित काढणाऱ्याने मुद्दाम तसं केलं असणार, आणि चांगलंच केलं.

अडचण

पहिला मेसेज असा: "मॅडम, १३ नंबरचं गणित येत नाहीये. उत्तर १००० आहे, माझं १० येतंय. काय चुकलं?" सोबत फोटो, पण फक्त शेवटच्या दोन ओळींचा.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. त्या दोन ओळींवरून चूक ओळखता येत होती, लगेच सांगून मोकळं होता आलं असतं. मॅडमनी लिहिलं: "अगं, पूर्ण पानाचा फोटो पाठव. समासात केलेलं कच्चं कामसुद्धा. खोडलेलं असलं तरी चालेल."

दुसऱ्या फोटोत खरा ऐवज होता. पानावर एक सोडून दोन प्रयत्न होते. पहिला:

वेग = ७.२ × ५/१८ = २ मी/से
काटछेद = ५ ÷ १०० = ०.०५ मी²
दर सेकंदाचं पाणी = ०.०५ × २ = ०.१ मी³
टाकी = १००० लिटर = १ मी³
वेळ = १ ÷ ०.१ = १० सेकंद

उत्तर जुळेना म्हणून तिने शंका घेतली ती "१ मी³ म्हणजे १००० लिटर" या पाठ केलेल्या ओळीवर, म्हणजे नेमक्या बरोबर असलेल्या जागेवर. म्हणून दुसऱ्या प्रयत्नात टाकीचं घनफळ सेमी³ मधून काढलं:

टाकी = १००० × १००० = १०⁶ सेमी³ = १०⁶ ÷ १०० = १०⁴ मी³
वेळ = १०⁴ ÷ ०.१ = १०⁵ सेकंद

एकदा १०, एकदा १,००,०००, आणि हवं होतं १०००. एक उत्तर शंभर पट लहान, दुसरं शंभर पट मोठं. हा योगायोग नाही, आणि निदान इथूनच होतं.

चुकलेल्या उत्तराला बरोबर उत्तराने भागून पाहिलं तर किती पटीने चुकलं ते कळतं, आणि ती पट बहुतेक वेळा चुकीची जागाच दाखवते. सेमी² चं मी² करताना १०,००० ऐवजी १०० ने भागलं तर क्षेत्रफळ १०० पट फुगतं. सेमी³ चं मी³ करताना १०⁶ ऐवजी १०० ने भागलं तर घनफळ १०⁴ पट फुगतं. ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करताना ३.६ ने भागायच्या ऐवजी गुणलं तर वेग १२.९६ पट जास्त येतो. तास-मिनिटांत घोळ असेल तर ६० किंवा ३६०० ची पट दिसते. हजाराची पट आली तर बहुधा ग्रॅम-किलोग्रॅम किंवा लिटर.

पहिल्या प्रयत्नात फक्त क्षेत्रफळ शंभर पट फुगलं होतं, म्हणून वेळ शंभर पट कमी आला. दुसऱ्या प्रयत्नात क्षेत्रफळ शंभर पट आणि घनफळ दहा हजार पट फुगलं. १०⁴ भागिले १०², म्हणून वेळ शंभर पट जास्त. दोन्ही चुकांचं मूळ एकच: "सेंटी ते मीटर म्हणजे शंभरने भाग."

हे मूळ कुठून आलं तेही पुढच्या दोन-चार मेसेजांत बाहेर पडलं. शाळेत शिकलेली पायऱ्यांची शिडी: किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर. एक पायरी चढली की दहाने भाग, उतरली की दहाने गुण. लांबीसाठी ही शिडी चोख आहे. क्षेत्रफळाला प्रत्येक पायरी शंभरची होते आणि घनफळाला हजाराची, पण ते कोष्टक वेगळं पाठ केलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. राहते ती लांबीची शिडी.

वर तिने मोबाईलवरच्या रूपांतराच्या ॲपमध्ये पडताळून पाहिलं होतं. ॲप उघडल्यावर प्रकार "लांबी" असाच होता. तिने ५ टाकलं, सेंटिमीटर ते मीटर निवडलं, उत्तर आलं ०.०५. ॲपने तिला जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं आणि तिची चूक आणखी पक्की केली. अशा ॲपमध्ये आधी प्रकार बदलून "क्षेत्रफळ" निवडावा लागतो, हे मुलांना कोणी सांगत नाही. मोठ्या भावाला विचारलं तर दादाही म्हणाला, "सेंटीचं मीटर करायला शंभरने भागायचं, बरोबरच आहे की." तीन ठिकाणांहून एकच चुकीचं उत्तर मिळाल्यावर तिने छापील उत्तरावरच शंका घेतली नाही, हेच विशेष.

आणखी एक गोष्ट. ही चूक इतके दिवस कशी खपली? नववी-दहावीच्या पुष्कळ गणितांत दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर असतं. द्रवाच्या दाबयंत्राचं गणित घ्या: लहान दट्ट्या १० सेमी², मोठा ५०० सेमी². दोन्हीकडे चुकून १०० ने भागलं तरी गुणोत्तर ५० च राहतं. चूक वरही असते, खालीही असते, आणि उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

समोर असलेले पर्याय

नऊ वाजून गेलेत, वही उद्या दाखवायची आहे, आणि बोलणं फोनवरच्या मेसेजांतून. अशा वेळी काय करता येत होतं?

सर्वांत सोपं म्हणजे नियम सांगणं: १ सेमी² = १०⁻⁴ मी², १ सेमी³ = १०⁻⁶ मी³. पाच मिनिटांत काम. पण उद्या मिमी² आलं, किमी² आलं, की पुन्हा नवा नियम. पाठ केलेल्या नियमानेच घात केला होता, त्याच्या जागी आणखी दोन पाठ करायला द्यायचे हे मॅडमना पटलं नाही.

दुसरा मार्ग चलाख होता: मीटरकडे जायचंच नाही. सगळं सेंटिमीटरमध्ये करायचं. ताशी ७.२ किमी म्हणजे ७,२०,००० सेमी भागिले ३६००, म्हणजे २०० सेमी/से. पाच गुणिले दोनशे, दर सेकंदाला १००० सेमी³, म्हणजे बरोबर एक लिटर. टाकी हजार लिटरची, उत्तर १००० सेकंद. क्षेत्रफळाचं रूपांतर करावंच लागत नाही. गणित सोडवणारा जाणकार माणूस हेच करेल. पण ज्याला क्षेत्रफळाचं रूपांतर येत नाही त्याला हा रस्ता दाखवला तर तो खड्डा कायमचा चुकवायला शिकेल. मॅडमनी हा मार्ग पडताळणीसाठी राखून ठेवला.

तिसरा पर्याय पुस्तकातलाच, मितींच्या मदतीने एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाण्याचा. राशीतल्या वस्तुमान, लांबी आणि वेळ यांच्या मिती, म्हणजे त्या कितव्या घाताने येतात ते, काढायच्या, जुन्या-नव्या एककांची गुणोत्तरं त्या-त्या घाताला चढवायची. परीक्षेत हे विचारतात, त्यामुळे यावंच लागतं. मात्र ज्या मुलीला सेमी² मधला २ नेमका कशाला लागतो हेच ठाऊक नाही, तिला ते सूत्र म्हणजे कंसांची आणखी एक रांग.

शेतजमिनीचं उदाहरण घ्यावं असाही विचार झाला. घरी शेती आहे, सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० मी², १०० आरचा १ हेक्टर, म्हणजे १०,००० मी². शंभर मीटर बाय शंभर मीटरचा तुकडा डोळ्यासमोर आणला की वर्ग आपोआप येतो. ते सोडलं याचं कारण गुंठा. बोलताना आर आणि गुंठा सर्रास एकच धरतात, पण गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१.१७ मी². एक घोळ सोडवताना दुसरा अंगावर घेण्यात अर्थ नव्हता.

उरला तो पर्याय: वर्ग कसा होतो ते तिला स्वतः मोजायला लावायचं आणि मग एकक कंसात लिहायची सवय लावायची. वेळ जास्त लागणार होता. तरी हाच धरला.

प्रत्यक्ष काय केलं

रूपांतराला हात घालण्याआधी मॅडमनी उत्तराकडे बघायला लावलं.

"५ सेमी² म्हणजे साधारण एक इंची पाईप. एक इंची पाईपने बादली भरायला किती वेळ लागतो?"

"मोटर चालू असेल तर पंधरा-वीस सेकंद."

"तुझ्या १० सेकंदांच्या उत्तराप्रमाणे किती लागेल? हिशोब करून सांग."

थोड्या वेळाने उत्तर आलं: "१० सेकंदांत १००० लिटर म्हणजे सेकंदाला १०० लिटर. १५ लिटरची बादली ०.१५ सेकंदात. मॅडम, बादली धरायच्या आतच भरली."

इथपासून तिचा प्रश्न बदलला. "उत्तर का जुळत नाही" यावरून ती "एवढं पाणी आलं कुठून" यावर आली. ०.०५ मी² म्हणजे ५०० सेमी², व्यास सुमारे २५ सेमी, म्हणजे दहा इंची पाईप. वहीत तिने एक इंची पाईपचा दहा इंची करून ठेवला होता. दुसऱ्या प्रयत्नातल्या टाकीचीही तीच गत: १०⁴ मी³ म्हणजे सुमारे साडेएकवीस मीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच टाकी. सात मजली इमारतीएवढी.

मग मुख्य प्रश्न. मॅडमनी विचारलं, "एक मीटर बाजूचा चौरस डोळ्यासमोर आण. त्यात एक सेंटिमीटर बाजूचे किती चौरस बसतील?"

उत्तर आलं: "४००."

चारशे म्हणजे परिमिती. चार बाजू, प्रत्येक शंभर सेंटिमीटर. तिने चौरसाच्या आत न बघता कडेने चक्कर मारली होती. ही चूक दिसते तितकी विचित्र नाही. डोळ्यासमोर चौरस आणायला सांगितलं की बहुतेकांना त्याच्या चार रेषाच दिसतात, आतली जागा दिसत नाही. इथे "अगं, १०० × १००" एवढं लिहून टाकायचा मोह होणं साहजिक आहे. मॅडमनी तो टाळला आणि वस्तूच बदलली.

"प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला आलेख कागद घे. एक सेंटिमीटरचा एक चौकोन शोध. त्यात मिलिमीटरचे बारीक चौकोन किती आहेत ते मोज. एक ओळ मोजली तरी चालेल."

"एका ओळीत १०. ओळी १०. म्हणजे १००."

"१ सेमी म्हणजे किती मिमी?"

"१०."

"आणि १ सेमी² म्हणजे किती मिमी²?"

"१००... म्हणजे दहाचा वर्ग?"

"हो. आता सेमी आणि मी."

"शंभरचा वर्ग. १०,०००. मॅडम, मग माझं ०.०५ चुकलं, ०.०००५ पाहिजे."

आलेख कागद प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे असतोच, आणि त्यावर लहान पायरी प्रत्यक्ष बोटाने मोजता येते. मीटरचा चौरस नुसता कल्पनेत आणावा लागतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मोजून झाल्यावरच लिहिण्याची पद्धत सांगितली. सेमी² मधला २ फक्त मीटरला लागत नाही, "सेंटी"लाही लागतो. म्हणून रूपांतराची पहिली ओळ नेहमी कंसाची:

५ सेमी² = ५ × (सेमी)² = ५ × (१०⁻² मी)² = ५ × १०⁻⁴ मी²

कंस घातला की घात आपोआप दोघांना लागतो. घातांकाचे नियम तिला येतच होते, ते एककालाही लावायचे असतात एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. घनफळासाठी तिने स्वतःच लिहिलं:

१ सेमी³ = (१०⁻² मी)³ = १०⁻⁶ मी³
१००० लिटर = १०⁶ सेमी³ = १०⁶ × १०⁻⁶ मी³ = १ मी³

आणि पुढे:

दर सेकंदाचं पाणी = ५ × १०⁻⁴ मी² × २ मी/से = १०⁻³ मी³/से
वेळ = १ मी³ ÷ १०⁻³ मी³/से = १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद

शेवटी सेंटिमीटरचा रस्ता पडताळणीसाठी करायला लावला. तिथेही १००० आले. सेकंदाला एक लिटर, म्हणजे पंधरा लिटरची बादली पंधरा सेकंदांत. तिच्या पहिल्या अंदाजाशी हे जुळलं.

दुसरी गाठ: भागाकारात बसलेलं एकक

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही बघितल्यावर तिला आणखी एकच गणित दिलं: पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम/सेमी³, ती किलोग्रॅम/मी³ मध्ये लिही. ही निवड सहज झालेली नव्हती. कालचं शिकलेलं नुसतं परत करून दाखवता येऊ नये, त्यात एक नवीन गोष्ट असावी. इथे ती म्हणजे छेदातलं एकक.

तिने लिहिलं: १३.६ × १०⁻³ × १०⁻⁶ = १.३६ × १०⁻⁸.

दोन्ही गुणक बरोबर आहेत, ग्रॅमचा १०⁻³ आणि सेमी³ चा १०⁻⁶. पण दोन्हींनी गुणलं. "प्रति" शब्दाचा अर्थ भागाकार आहे हे माहीत असतं. मात्र तिरकी रेघ मारून एकाच ओळीत लिहिलं की छेदातलं एकक अंशात येऊन बसल्यासारखं दिसतं.

"एक घनमीटर पारा किती किलोचा झाला?" मॅडमनी विचारलं. १.३६ × १०⁻⁸ किलोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा. तिने स्वतःच खोडलं.

दुरुस्तीला तिरक्या रेघेच्या जागी लांब आडवी रेघ आली. अंशात १३.६ × १०⁻³ किग्रॅ, छेदात १०⁻⁶ मी³. घातांक वर नेला की १३.६ × १०³, म्हणजे १३,६०० किग्रॅ/मी³. त्यानंतर १ ने गुणायची रीत दाखवली:

१३.६ ग्रॅम/सेमी³ × (१ किग्रॅ ÷ १००० ग्रॅम) × (१०० सेमी ÷ १ मी)³

दोन्ही कंसांची किंमत १ आहे, कारण वर-खाली एकच राशी वेगळ्या एककात लिहिली आहे. ग्रॅम ग्रॅमला छेदतो, सेमी³ सेमी³ ला. या रितीचा मोठा फायदा म्हणजे कंस उलटा घातला तर एककं छेदलीच जात नाहीत. मग सेमी⁶ सारखं काहीतरी उरतं आणि चूक आकड्यांपर्यंत जायच्या आधी दिसते. ओळ लांब होते खरी. पहिल्या काही आठवड्यांत ती लांबच असू द्यावी.

पुढचं गणित गुरुत्व स्थिरांकाचं: ६.६७ × १०⁻⁸ डाइन सेमी²/ग्रॅम², एसआयमध्ये (मीटर, किलोग्रॅम, सेकंदाच्या पद्धतीत) किती? डाइन म्हणजे १०⁻⁵ न्यूटन, सेमी² म्हणजे १०⁻⁴ मी², छेदातला ग्रॅम² म्हणजे १०⁻⁶ किग्रॅ². सगळे घातांक जमवले, −८ −५ −४ +६ = −११. ६.६७ × १०⁻¹¹ न्यूटन मी²/किग्रॅ². हे तिने न अडखळता केलं, आणि इथे ग्रॅमच्या वर्गावरही कंस घातला होता.

परिणाम

त्याच दिवशी इतरांच्या वह्या तपासताना एक वेगळीच गोष्ट दिसली. काही वह्यांत काटछेदासमोर ०.०५ मी² होतं आणि तरी शेवटी उत्तर १००० सेकंद. मधल्या ओळी कशाबशा जुळवलेल्या, किंवा एक ओळ गाळलेली. या मुलांनी मदत मागितली नव्हती, कारण त्यांच्या लेखी गणित सुटलेलं होतं. जिने विचारलं तिच्या वहीत चूक उघडी होती, म्हणून ती निघाली. अशा गणितात फक्त शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण करणं धोक्याचं आहे. इथे गुण काटछेदाच्या ओळीला द्यायला हवेत.

पुढच्या घटक चाचणीत विद्यार्थिनीने ७२ डाइन/सेमी चं रूपांतर बरोबर केलं: ७२ × १०⁻⁵ भागिले १०⁻², म्हणजे ०.०७२ न्यूटन/मी. २ मिमी व्यासाच्या तारेचा काटछेदही बरोबर आला, ३.१४ × १०⁻⁶ मी². आधी त्रिज्या मीटरमध्ये नेली आणि मग वर्ग केला, त्यामुळे चुकायला जागाच राहिली नाही.

एक गणित मात्र गेलं. २५० मिलिलिटरचं मी³ करायचं होतं, तिने ०.२५ मी³ लिहिलं. "मिली म्हणजे १०⁻³" हे बरोबर, पण ते लिटरला लावायचं असतं, घनमीटरला नाही. २५० मिलिलिटर म्हणजे ०.२५ लिटर, आणि १ लिटर म्हणजे १०⁻³ मी³, म्हणून २.५ × १०⁻⁴ मी³. इथे कंसाचा नियम उपयोगी पडत नाही. लिटर हे स्वतःच घनफळाचं एकक आहे, त्यावर घात नसतो, म्हणून "मिली"ला घन लागत नाही. जे विद्यार्थी कंसाची रीत नीट शिकतात त्यांतलेच काही इथे उलट बाजूने फसतात आणि मिलिलिटरलाही १०⁻⁹ चिकटवतात.

वेगळं काय करता आलं असतं

लिटर आधीच स्वतंत्र घ्यायला हवा होता. मूळ गणितात १००० लिटर = १ मी³ हे तिला पाठ होतं आणि बरोबर होतं, म्हणून त्याच्या आत कोणी डोकावलं नाही. दहा सेंटिमीटर बाजूचा घन म्हणजे १ लिटर, म्हणजे १००० सेमी³, आणि १ मिलिलिटर म्हणजे नेमका १ सेमी³. हे तीन दुवे एका ओळीत लिहून घेतले असते तर चाचणीतलं गणित बहुधा वाचलं असतं.

एक इंची पाईप ही माहिती मॅडमनी दिली. ती तिच्याकडूनच काढून घ्यायला हवी होती: काटछेद ५ सेमी², तर व्यास किती? २.५ सेमीच्या आसपास येतो. पाईपचा आकार स्वतः काढला असता तर पुढच्या गणितात अंदाज बांधायची सवय तिला लागली असती. नऊ वाजून गेल्यावर एवढा फेरा परवडला नसता असं म्हणता येईल, पण बादलीच्या प्रश्नाला लागलेला वेळ पाहता तो परवडला असता.

छापील उत्तर समोर असण्याचा मुद्दा जास्त अवघड आहे. उत्तर समोर असल्यामुळेच तिला चूक कळली, आणि उत्तर समोर असल्यामुळेच इतरांनी ओळी जुळवल्या. मधला मार्ग म्हणजे गणित सुरू करायच्या आधी समासात अंदाज लिहायला लावणं: सेकंद, मिनिटं, की तास? पंधरा-वीस मिनिटं असा अंदाज लिहिलेल्या मुलीने १० सेकंदांवर थांबून विचार केला असता, आणि १०⁵ सेकंदांवर तर नक्कीच, कारण ते सत्तावीस तासांहून जास्त होतात.

राहिला ५/१८. तो बरोबर लागला म्हणून कोणी त्याला हात लावला नाही. पण तोही पाठच केलेला आहे, १०००/३६०० चं संक्षिप्त रूप. त्वरण २५,९२० किमी/तास² असं दिलं, तर ५/१८ ने गुणणारा विद्यार्थी ७२०० लिहील. बरोबर उत्तर २ मी/से² आहे, कारण तासाचा वर्ग आहे: १००० ÷ (३६००)². घटक चाचणीनंतरच्या आठवड्यात हेच गणित वर्गात फळ्यावर घेतलं. ५/१८ वापरायची नाही, किमी आणि तास दोन्ही कंसात लिहायचे, एवढीच अट होती.